मणक्यापासून दोन बोटं

उभे राहा आणि दोन्ही हात कमरेवर ठेवा. विठोबासारखे नव्हे, सकाळपासून खुरपत असलेली बाई मध्येच उठून ठेवते तसे. चार बोटं पोटाकडे, अंगठे पाठीकडे. आता अंगठे जरा रुतवा. मणक्याच्या दोन्ही अंगांना स्नायूंचा एकेक जाड पट्टा लागेल. त्या पट्ट्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या पोकळीत, एक जागा अशी असते की तिथे दाब पडला की माणूस बोलायचा थांबतो. दुखतंही आणि बरंही वाटतं. चिनी वैद्यकात त्या जागेचं नाव शेनशू.

अ‍ॅक्युपंक्चरच्या आंतरराष्ट्रीय यादीत हा मूत्राशयवाहिनीवरचा तेविसावा बिंदू. कटिभागातल्या दुसऱ्या मणक्याच्या काट्याखालची पातळी धरायची आणि मध्यरेषेपासून दीड त्सुन बाजूला जायचं, ही त्याची जागा. डावीकडे एक, उजवीकडे एक. मणका मोजायचा कसा? कमरेच्या दोन्ही हाडांचे वरचे कंगोरे जोडणारी आडवी रेषा चौथ्या कटिमणक्याच्या आसपास जाते. तिथून दोन मणके वर चढायचं. त्सुन मात्र कुठल्याही पट्टीवर सापडणार नाही. रोग्याच्या अंगठ्याची सांध्यापाशी जेवढी रुंदी तेवढा एक त्सुन. त्याचीच तर्जनी आणि मधलं बोट जोडून धरली की दीड. मोजणाऱ्याची बोटं इथे चालत नाहीत, ज्याची कंबर त्याचीच बोटं लागतात. चरक आणि सुश्रुत यांनी शरीराची मापं सांगताना हाच नियम धरला होता. त्यांचं अंगुलही ज्याचं त्याचं. आठवीतली पोरगी आणि तालमीतला पैलवान यांना एकाच सेंटिमीटरच्या मापात बसवायचं नाही, हे दोन्ही परंपरांना आपापल्या वाटेने कळलेलं होतं.

हे पुस्तक या एका जागेबद्दल आहे. चिनी पद्धतीत वाहिन्यांवरचे ३६१ बिंदू मानले जातात आणि बाजारातली पुस्तकं ते सगळे ओळीने देतात: अमुक बिंदू डोकेदुखीला, तमुक अपचनाला. पाठ करायला ती ठीक. पण बिंदू म्हणजे काय, तो कुणी ठरवला, सुईखाली काय असतं, उपयोग किती आणि फसवणूक कुठे सुरू होते, हे अशा याद्यांतून कळत नाही. एकाच बिंदूपाशी बराच वेळ थांबलं तर कदाचित कळतं. शिवाय नांदेड-लातूरच्या माणसाला काय दुखतं हे विचारत निघालं, तर पहिली गाठ कमरेशीच पडते. मी सुया टोचणारा नाही, लिहिणारा आहे. त्यामुळे या विद्येचा प्रचार करण्याची गरज मला नाही, आणि तिची टिंगल करण्याची हौसही नाही.

या दोन जिल्ह्यांत कंबर हे अवजार आहे. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन आणि तुरीची पोती हमालाच्या पाठीवरून हलतात. अर्धापूर भागातल्या केळीच्या बागांतून घड खांद्यावर निघतात. पावसाळ्यात खुरपणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. यंत्र आलं तरी ओल्या रानात आणि आडव्या पडलेल्या पिकात विळाच चालतो, आणि विळा वाकल्याशिवाय चालत नाही. जळकोट, लोहा, कंधार, मुखेड या बाजूंनी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. बुडातून ऊस तोडायचा, वाढे काढायचे, मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याची छायाचित्रं देशभर गेली. रेल्वेचं पाणी टाकीपर्यंत आलं. टाकीपासून घरापर्यंत ते बायकांच्या आणि पोरींच्या कमरेवरूनच गेलं. आता तर बसून दुखणाऱ्यांचीही भर पडली आहे. लातूरच्या शिकवणी वर्गांत नीटची तयारी करणारी सोळा-सतरा वर्षांची मुलं दिवसचे दिवस बाकावर असतात, आणि त्यांच्या तोंडी आजोबांचं वाक्य येतं: कंबर धरली.

जगभरचा हिशेब मांडणाऱ्यांनी २०२० साली कंबरदुखीची माणसं ६१ कोटी ९० लाख धरली होती. हा आकडा फार मोठा आहे, म्हणूनच तो कुणाला टोचत नाही.

कंबर धरली की आपल्याकडे काय करतात, हे पाहण्यासारखं आहे. आधी शेक. विटेचा, मिठाच्या पुरचुंडीचा, नाहीतर एरंडाच्या पानाचा. मग कुणाकडून तरी चोळून घेणं. उसण भरली असेल तर पायाळू शोधतात. जन्मताना पायाकडून बाहेर आलेल्या माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, हा समज महाराष्ट्रभर आहे. मराठवाड्यात त्याच पायाळूकडून विहिरीची जागाही काढून घेतात. पाणी आणि कंबर या दोन्ही टंचायांवर एकच माणूस. जुन्या लोकांच्या पाठीवर तापल्या सळईच्या डागांचे आणि बिब्ब्याने उतलेल्या कातडीचे व्रण अजून दिसतात. तुंबडी लावणारे फिरत, ते आता जवळपास संपले. या सगळ्यांत मला एक गोष्ट समान दिसते. दुसऱ्या माणसाचा हात, पाय किंवा विस्तव दुखऱ्या जागेपर्यंत पोचतो, आणि ती जागा दुखणाऱ्याला आधी दाखवावी लागते.

त्यानंतरची पायरी मेडिकल दुकानाची. वेदनाशामक गोळी स्वस्त आहे, लगेच काम करते आणि चिठ्ठीवाचून मिळते. हंगामभर रोज एक-दोन घेणारी माणसं थोडी नाहीत. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर मूत्रपिंडं खराब करतात. उन्हात पाणी न पिता राबणाऱ्याची लवकर. शेनशू या नावातला शेन म्हणजे चिनी वैद्यकातलं मूत्रपिंड. ज्या दुखण्यासाठी मूत्रपिंडाच्या नावाचा बिंदू योजला, त्याच दुखण्याची गोळी मूत्रपिंडालाच खाते. हा योगायोग क्रूर आहे.

त्याच्याही पुढची पायरी एमआरआयची. अहवाल येतो आणि घरात एक शब्द राहायला येतो: गॅप. 'मणक्यात गॅप आहे' म्हटलं की चाळिशीतला माणूस स्वतःला मोडका समजू लागतो. वास्तविक काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळते, असं त्यात निघालं. म्हणजे बऱ्याच जणांच्या मणक्यातली ही झीज केस पिकण्याच्या जातीची आहे. बाईची कंबर दुखत असेल तर आणखी एक फाटा फुटतो. पांढरं जातं, कंबर दुखते, मग पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही गेले तर हाडं अकाली ठिसूळ होतात. कंबर दुखायची ती दुखतच राहते. या सगळ्या प्रवासात, मेडिकलपासून ऑपरेशनपर्यंत, कमरेला कुणी बोट लावून पाहिलं का, असा प्रश्न मी अनेकांना विचारला. उत्तराआधीचं हसू पुरेसं बोलकं होतं.

आता त्या बिंदूकडे. मूत्राशयवाहिनी ही चिनी वाहिन्यांतली सर्वांत लांब. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून निघून कपाळ, डोकं, पाठ, मांडीचा मागचा भाग, पोटरी असं करत पायाच्या करंगळीपर्यंत जाते. तिच्यावर ६७ बिंदू. पाठीवर मणक्याला समांतर उतरताना प्रत्येक मोठ्या अवयवासाठी तिथे एकेक बिंदू आहे: फुफ्फुस, हृदय, यकृत, प्लीहा, जठर आणि मग शेन. त्या त्या अवयवाची शक्ती पाठीवर त्या जागी पोचते, अशी कल्पना. चिनी शेन मात्र आपल्याकडे मुतखडा होतो त्या मूत्रपिंडाहून फार मोठा आहे. जन्मतः मिळालेली जीवनशक्ती, हाडं आणि मज्जा, ऐकणं, प्रजनन, म्हातारपण आणि भीतीसुद्धा त्याच्या खात्यात जमा. कंबर हे त्याचं राहतं घर, असं 'सुवेन' हा जुना ग्रंथ मानतो. म्हणून कंबर दुखली की घरमालकाची चौकशी. दोन्ही शेनशूंच्या मधोमध, मणक्याच्या रेषेवर, मिंगमेन नावाचा आणखी एक बिंदू आहे, आयुष्याचं दार मानलेला. त्यावर चिनी पंडितांनी शतकानुशतकं वाद घातला.

यातलं किती खरं? शरीरशास्त्राच्या टेबलावर वाहिनी सापडत नाही. शेनशूखाली सापडतात ते पाठ ताठ ठेवणारे स्नायू, त्यांची जाड आवरणं, कटिमणक्यांतून निघणाऱ्या नसांच्या मागच्या शाखा, आणि बऱ्याच खोलवर खरोखरीचं मूत्रपिंड. चिकित्सेला आलेल्या माणसाला 'तुमचा किडनीचा पॉइंट कमजोर आहे' असं सांगून मोकळे होणारे आहेत, त्यांच्यावर माझा राग आहे. तो बिचारा दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन तपासायला जातो.

जुन्या ग्रंथांतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 'लिंगशू' या ग्रंथात पाठीवरच्या या बिंदूंवर एक छोटं प्रकरण आहे. त्यात शेनशूची जागा चौदाव्या मणक्यापाशी सांगितली आहे. छातीच्या पहिल्या मणक्यापासून मोजत आलं तर चौदावा म्हणजे कमरेचा दुसराच. दोन हजार वर्षांत जागा हललेली नाही. आणि बिंदू बरोबर सापडला हे कसं ओळखायचं? तर दाबून पाहा. आत प्रतिसाद उमटला आणि दुखणं सैलावलं, तर तीच जागा. म्हणजे नकाशा अंदाजापुरता, निकाल बोटाचा आणि दुखणाऱ्याचा. पुढे तांग काळातले वैद्य सुन सिम्याओ यांनी हा विचार टोकाला नेला: नकाशावर असो वा नसो, दाबल्यावर रोगी जिथे हुंकार देईल तिथे उपचार करावा. तिसऱ्या शतकातले हुआंगफू मी यांनी बिंदूंचं शास्त्र व्यवस्थित लावून ठेवलं, तेही स्वतः संधिवाताने आजारी पडून या विद्येकडे वळलेले. दुखणाऱ्याने लिहिलेलं वैद्यक म्हणून त्यांच्याकडे पाहायला मला आवडतं.

'लिंगशू'च्या त्याच प्रकरणात आणखी एक वाक्य आहे, ते आजचे सुईवाले सहसा सांगत नाहीत. पाठीवरच्या या बिंदूंवर मोक्सा, म्हणजे वाळवलेल्या औषधी पाल्याचा धुमसता शेक, चालेल. सुई चालणार नाही. आज जगभर शेनशूवर सुई टोचतात आणि ती काळजीपूर्वक टोचता येते. पण मूळ ग्रंथ विस्तवाच्या बाजूचा होता. आपल्या पाठीवरचे डाग आणि विटेचा शेक आठवला की हा मजकूर फार परका वाटत नाही.

सुश्रुताकडे वळलं की चित्र उलटं होतं. त्याच्या १०७ मर्मांपैकी १४ पाठीवर आहेत, आणि कमरेच्या आसपास कटीकतरुण, कुकुंदर, नितंब, पार्श्वसंधी अशी नावं येतात. मणक्याच्या दोन्ही बाजूंचं कुकुंदर दुखावलं तर कमरेखालची संवेदना आणि हालचाल जाते, असं तो सांगतो. मज्जारज्जूच्या इजेचं ते नेमकं वर्णन आहे. मर्म ही शस्त्र लागू न देण्याची जागा. युद्धात बाण कुठे लागला तर माणूस जाईल, शस्त्रक्रिया करताना चाकू कुठून दूर ठेवायचा, याची ती यादी. चिनी बिंदू ही मुद्दाम स्पर्श करण्याची जागा. म्हणून 'मर्म म्हणजेच अ‍ॅक्युपंक्चर, ते आपल्याकडूनच चीनला गेलं' हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं विधान मला पटत नाही. दोन परंपरांत खरं साम्य शोधायचंच असेल तर ते गुडघ्यामागे आहे. गृध्रसीत, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेत, सुश्रुत गुडघ्याच्या चार अंगुळं वर किंवा खाली शिर वेधायला सांगतो. चिनी वैद्य कंबरदुखीला गुडघ्याच्या लवणीतल्या वेइझोंग बिंदूवर जातात आणि कधी तिथून थोडं रक्त काढतात. दुखणं कमरेत, इलाज लवणीत. दोघांनीही सायटिकाची कळ कुठून कुठे जाते हे नीट पाहिलं होतं, एवढं त्यातून नक्की निघतं.

ही विद्या आपल्याकडे कशी आली, हे सांगताना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. लातूरहून सोलापूर लांब नाही, त्यामुळे आपल्याकडे हे नाव घरच्यासारखं उच्चारलं जातं. १९३८ साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं: प्रमुख अटल, नागपूरचे ज्येष्ठ चोळकर, कोलकात्याचे बसू आणि मुखर्जी, आणि अठ्ठाविशीच्या आतले कोटणीस. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. कॅनेडियन डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. त्यांच्यावरचा शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट पाहिलेली पिढी अजून आहे. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते. त्यांचं काम जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करण्याचं होतं. सुया त्यांनी भारतात आणल्या नाहीत, आणायला ते परतलेच नाहीत. ते काम पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू यांचं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही पद्धत शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. पुढे कोटणीसांच्या स्मरणार्थ निघालेल्या समित्यांनी देशात ठिकठिकाणी अ‍ॅक्युपंक्चरची केंद्रं चालवली आणि दोन्ही नावं एकमेकांत विरघळली. बसूंचं नाव महाराष्ट्रात जवळजवळ कुणाला माहीत नाही. या पुस्तकात ते मुद्दाम वारंवार येईल.

मराठवाड्यात या शिक्षणाचं ठाणं औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात बसलं. तिथल्या इंडियन अकॅडमी ऑफ अ‍ॅक्युपंक्चर सायन्समधून आणि श्रीलंकेत कोलंबोला जाऊन शिकून आलेल्यांकडून ही विद्या जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. कायद्याचं पाठबळ उशिरा आलं. पश्चिम बंगालने १९९६ साली कायदा केला. महाराष्ट्राच्या अधिनियमाच्या नावात २०१५ हे वर्ष आहे, आणि त्यातून राज्याची अ‍ॅक्युपंक्चर परिषद उभी राहिली. २०१९ साली केंद्र सरकारने स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. वाचकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. सुई टोचणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायचा. विचारण्यात संकोच कसला; तो पाठीत लोखंड घालणार आहे.

ती सुई इंजेक्शनच्या सुईसारखी नसते. केसाहून थोडी जाड, भरीव, टोकाला गोलसर; औषध आत जात नाही. रोगी पालथा, पोटाखाली उशी, जागा स्पिरिटने पुसलेली, सुई एकदाच वापरून टाकून द्यायची. शेनशूवर ती सरळ किंवा मणक्याकडे किंचित कललेली, साधारण एक त्सुनपर्यंत जाते. आत जडपणा, बधिरपणा किंवा ताण पसरल्यासारखं वाटलं तर चिनी वैद्य त्याला शुभ खूण मानतात. वीस-तीस मिनिटं सुया तशाच ठेवतात. बाहेरच्या बाजूला कलती आणि खोल गेली तर मात्र खाली मूत्रपिंड आहे, आणि त्याला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. 'साइड इफेक्ट शून्य' असं पाटीवर लिहिणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नसते किंवा सांगायची नसते. दोन्ही वाईटच.

आणि उपयोग? इथे जर्मनीतल्या एका चाचणीची हकिगत सविस्तर सांगायला हवी, कारण तिने माझी दोन्हीकडची मतं हलवली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. एका गटाला चिनी नियमांनुसार योग्य बिंदूंवर, योग्य खोलीवर सुया. दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया. तिसऱ्याला औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी हे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी ठळक फरक पडलेले रुग्ण पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२, तिसऱ्यात २७.४. सुयांच्या बाजूचा माणूस पहिला आणि तिसरा आकडा सांगतो. विरोधक पहिला आणि दुसरा सांगतो. तिन्ही एकत्र सांगणारा मला अजून कुणी भेटला नाही.

तिन्ही एकत्र ठेवले तर काय दिसतं? दीड त्सुन की अडीच, हा हिशेब ग्रंथकारांना वाटला तेवढा निर्णायक नाही. शेनशू चुकला तरी बऱ्याच जणांना बरं वाटलं. पण चुकलेल्या सुयांच्या गटालाही नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त बरं वाटलं, आणि या गोष्टीला 'मनाचे खेळ' म्हणून झटकून टाकणं मला जमत नाही. त्या गटातल्या माणसाला कुणीतरी पालथं झोपवलं, पाठ उघडी केली, बोटाने चाचपली, कुठे दुखतं ते विचारलं, अर्धा तास शांत पडू दिलं, आणि तीन दिवसांनी पुन्हा बोलावलं. सुयांनी स्नायूंवर आणि मेंदूच्या वेदनामार्गांवर काही काम केलं असेल. संशोधक ते शोधत आहेत. माझा अंदाज असा की बिंदूच्या कल्पनेने दोन हजार वर्षं जे मोठं काम केलं, ते वैद्याचं बोट रोग्याच्या पाठीवर नेऊन ठेवण्याचं. 'लिंगशू'तलं 'दाबून पाहा' हे त्या अंगाने मला पूर्ण पटतं. नेमक्या अंतराबद्दल माझी श्रद्धा उडाली, चाचपणीबद्दल वाढली. या पुस्तकाची सगळी मांडणी या मतावर उभी आहे. ज्यांना वाहिन्यांचं शास्त्र प्रमाण वाटतं ते रागावतील, याची कल्पना आहे.

जगातल्या तज्ज्ञ संस्थांनाही एकच काही ठरवता आलेलं नाही. जर्मनीने त्या काळातल्या चाचण्यांनंतर जुनाट कंबरदुखीसाठी सुयांचा खर्च सार्वजनिक विम्यातून द्यायला सुरुवात केली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ साली शिफारस केली आणि २०१६ साली मागे घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं. त्यात सुयांना सशर्त होकार आहे, व्यायाम आणि शिक्षणाच्या शेजारी.

कुठल्या कमरेला सुई लावायची नाही, हे प्रकरण मी पुस्तकात सर्वांत आधी घेतलं आहे. पायातली ताकद जाते आहे, लघवी-संडासवरचा ताबा सुटतो आहे, बैठकीच्या जागी बधिरपणा आहे: त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. ताप, वजन उतरणं आणि रात्री झोपू न देणारी कंबर असेल तर मणक्याचा क्षयरोग आधी तपासायचा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. पडझडीनंतरची कंबर, कर्करोग होऊन गेलेल्याची कंबर, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याची कंबर यांचे नियम वेगळे. गरोदर बाईच्या कमरेला कुणीही हौशीने हात लावू नये. आणि किनवट भागातली एक कंबर आहे, तिच्यासाठी कुठलाच बिंदू नाही. तिथल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे; वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन दात डागाळतात, मग सांधे आणि पाठीचा कणा ताठरतो, माणूस वाकतो तो वाकलेलाच राहतो. त्या कण्याला लागतं दुसरं पाणी. तिथे सुयांचं शिबिर भरवणं म्हणजे बोअरला झाकण न लावता आत पडलेल्या पोराला गोष्ट सांगत बसणं.

राहिला पुस्तकाच्या उपयोगाचा व्यवहार. जर्मनीच्या चाचणीत प्रत्येकाला दहा बैठका होत्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या, आठवड्यातून साधारण दोन. म्हणजे पाच आठवडे. लातूर शहरातल्या शिक्षकाला किंवा नांदेडच्या दुकानदाराला हे जमेल. ऊसतोडीला गेलेल्या कोयत्याला जमणार नाही. त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस कामावर गेला नाही तर खाडा लागतो, आणि कोपीपासून सर्वांत जवळचा डॉक्टरसुद्धा लांब. म्हणून शेवटच्या भागात सुई नाही. घरच्या माणसाने अंगठ्याने कसं दाबायचं, किती जोर, किती वेळ, मोळी उचलताना गुडघे कसे वाकवायचे, कोणती गोळी किती दिवसांच्या पुढे न्यायची नाही, एवढंच आहे. दाबाने कंबर मोकळी झाली तरी दुसऱ्या दिवशी तीच मोळी आहे, हेही तिथे लिहून ठेवलं आहे.

टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. पेरणीच्या आधीचे ते दोन महिने लग्नसराईत जातात, तरी त्याच दोन महिन्यांत ही माणसं एका जागी सापडतात. नांदेड आणि लातुरात कंबरदुखीची शिबिरं बहुतेक थंडीत भरतात, मोठ्यांच्या वाढदिवसांना धरून. शिबिर घेणाऱ्यांनी तारीख ठरवण्याआधी साखर कारखान्यांचा गाळप हंगाम कधी संपतो ते पाहावं, आणि शिबिर एका दिवसाचं न ठेवता पाच आठवड्यांचं ठेवावं, एवढी या पुस्तकाची त्यांच्याकडे मागणी आहे.